चुकीचं उत्तर देऊन बघा: सर्च इंजिनं आणि शिकवणाऱ्या वेबसाइट्सची पारख

अपूर्णांकांची बेरीज शिकवणारी चांगली वेबसाइट हवी म्हणून शिक्षक सर्च इंजिनात चार शब्द टाकतात, वरच्या दोन लिंक उघडतात आणि रंगीत दिसेल ती वर्गाला देऊन मोकळे होतात. यात दोन वेगळी कामं एकात एक मिसळलेली आहेत. शोधणं हे सर्च इंजिनाचं काम. एखाद्या पानाकडे किती ठिकाणांहून लिंक आल्या आहेत, विचारलेले शब्द त्यात कुठे आहेत, पान किती पटकन उघडतं, शोधणारा कुठल्या भागात आहे, अशा खुणांवरून ते क्रम लावतं. पारखणं त्याच्या आवाक्यातलं नाही. पानावरचं उदाहरण बरोबर आहे का, चुकलेल्या मुलाला ती साइट काय सांगते, हे त्यानं कधी करून पाहिलेलं नसतं. ते आपल्यालाच करावं लागतं, आणि वीस मिनिटांत करता येतं. आधी शोधण्याकडे पाहू.

सर्च इंजिनांची तुलना करताना पहिला प्रश्न विचारायचा तो हा: इंडेक्स कुणाचा? इंडेक्स म्हणजे क्रॉलर नावाच्या प्रोग्रामनं वेबवर फिरून जमवलेली पानांची सूची. ती उभी करायला प्रचंड खर्च येतो, म्हणून स्वतःची मोठी सूची असलेली इंजिनं बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. १९९८ चं गूगल आणि २००९ चं मायक्रोसॉफ्टचं बिंग ही त्यांतली मुख्य. रशियाचं यांडेक्स आणि चीनचं बायडू आपापल्या भाषांत भक्कम. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं आणि २०२३ पासून पूर्णपणे स्वतःच्या इंडेक्सवर चालतं. ब्रिटनमधलं मोजीक लहान आहे, पण त्याचाही इंडेक्स स्वतःचा आहे. बाकीची बहुतेक नावं दुसऱ्याच्या सूचीवर स्वतःचं दुकान मांडतात. डकडकगोचा स्वतःचा क्रॉलर आहे, पण नेहमीच्या लिंक मुख्यतः बिंगकडून येतात. याहूच्या निकालांमागेही बिंगच. स्टार्टपेज तुमची ओळख काढून टाकून प्रश्न पुढे पाठवतं आणि मुख्यतः गूगलचे निकाल आणून देतं. म्हणून बिंग, याहू आणि डकडकगो तिन्हीकडे तीच साइट वर दिसली तर तो तिघांचा कौल समजू नये. एकाच छापखान्यातली तीन वर्तमानपत्रं वाचल्यासारखं आहे ते. तुलनेला गूगल, बिंग आणि ब्रेव्ह ही तीन घ्या. तीन इंडेक्स, तीन वेगळे डोळे.

पद्धत साधी आहे, पण चिकाटीनं पाळावी लागते. ब्राउझरची खाजगी खिडकी उघडा, कुठल्याही खात्यात लॉगिन नको. तिन्ही इंजिनांच्या सेटिंगमध्ये भाषा आणि प्रदेश एकच ठेवा. मग सहा प्रश्न ठरवा, आणि ते एकाच जातीचे नकोत. एक सरळ माहितीचा. एक विशिष्ट इयत्तेच्या पाठाचा. एक अशा पानाचा, जे अस्तित्वात आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. ते किती वर येतं एवढंच बघायचं. एक गेल्या महिन्यातल्या घडामोडीचा. एक मराठीतून. आणि एक सापळा, म्हणजे ज्या प्रश्नातच चूक आहे असा: ‘चंद्र स्वतःचा प्रकाश कसा तयार करतो’. चांगल्या निकालात चंद्र सूर्याचा प्रकाश परावर्तित करतो हे सांगणारं पान वर हवं.

प्रत्येक प्रश्नाचे पहिले दहा निकाल उघडून गुण द्या. वर्गात जसंच्या तसं वापरता येईल त्याला २, विषयाजवळचं असेल तर १, निरुपयोगी असेल तर ०. तेच पान वेगळ्या पत्त्यावर पुन्हा आलं तर दुसऱ्यांदा ०. जाहिराती या दहात धरू नका, पण पहिल्या बिनजाहिरातीच्या लिंकपर्यंत पोचायला किती स्क्रीन खाली सरकावं लागलं ते वेगळं लिहून ठेवा. लहान मुलं नेमकी त्या वरच्या भागातच क्लिक करतात. सहा प्रश्नांचे मिळून १२० गुण होतात.

या तुलनेत गफलत होते ती ठरलेल्या दोन-तीन जागी. तीन इंजिनं तीन वेगळ्या दिवशी तपासली तर आकड्यांना अर्थ राहत नाही, कारण क्रम रोज हलतो. सगळं एकाच बैठकीत उरका. निकालांच्या वर कधीकधी दिसणारा ‘सुमारे इतके कोटी निकाल’ हा आकडा नुसता अंदाज असतो. शेवटच्या पानापर्यंत जाऊन पाहिलं तर दाखवलेल्या लिंक काही शेकड्यांतच संपतात. त्या आकड्यावरून एक इंजिन दुसऱ्यापेक्षा मोठं ठरवणं चूक आहे. आणि स्वतःच्या आवडत्या साइटचं नाव प्रश्नात घालून इंजिनाची परीक्षा घेऊ नका. ती परीक्षा त्या साइटच्या प्रसिद्धीची होते.

मराठी प्रश्नांबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण तिथेच इंजिनांतला फरक सगळ्यात ठळक दिसतो. आपल्या भाषेत शब्दाला विभक्ती लागली की त्याचं रूप बदलतं. ‘अपूर्णांक’, ‘अपूर्णांकांची’, ‘अपूर्णांकांमध्ये’ हे एकाच शब्दाचं गोत आहे हे इंजिनाला ओळखता आलं पाहिजे. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका, ‘अपुर्णांक’ लिहिणारी पानंही असतात. याहून अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही: ‘दऱ्या’, ‘सुट्ट्यांच्या वाऱ्या’ यांतला अर्धा र दोन प्रकारे टाइप होतो, दिसायला अगदी सारखा, पण आतले संकेतांक वेगळे. एखाद्या पानावरचा शब्द कॉपी करून शोधला आणि मग तोच स्वतः टाइप करून शोधला, तर निकाल वेगळे येऊ शकतात. सापडत नसेल तेव्हा दोन्ही करून पाहावं.

दुसरी अडचण हिंदीची. ‘गणित’, ‘विज्ञान’, ‘त्रिकोण’ हे शब्द दोन्ही भाषांत सारखेच, त्यामुळे देवनागरीत विचारलं की हिंदी पानांचा लोंढा येतो. त्यावर उपाय म्हणजे प्रश्नात फक्त मराठीत असलेला एखादा शब्द पेरणं. ‘बेरीज’, ‘वजाबाकी’, ‘आणि’, ‘म्हणजे काय’ यांपैकी काहीही चालेल. ‘गणित त्रिकोण’ आणि ‘त्रिकोण म्हणजे काय’ हे दोन्ही शोधून बघा, फरक लगेच कळेल. मराठीत माझा कौल निःसंशय गूगलला. रूपं ओळखण्यात आणि चुकीचं शुद्धलेखन सांभाळून घेण्यात ते पुढे आहे. ब्रेव्ह इंग्रजी प्रश्नांत दुसरं मत म्हणून फार कामाचं, मराठीत मात्र तोकडं पडतं.

शोध नेमका करायच्या खुणा सगळ्यांना अर्ध्यामुर्ध्या माहीत असतात. अवतरणचिन्हांत घातलेला शब्दसमूह जसाच्या तसा शोधला जातो. शब्दाआधी जागा न सोडता उणे चिन्ह दिलं की तो शब्द असलेली पानं वगळली जातात. ‘साइट’ हा शब्द रोमन लिपीत, त्याला चिकटून अपूर्णविराम, त्याला चिकटून साइटचा पत्ता, असं लिहिलं की शोध त्या एकाच साइटपुरता राहतो. अपूर्णविरामानंतर एक जागा सुटली तरी खूण निकामी होते. बहुतेकांचं इथेच बिनसतं. ‘फाइलटाइप’ ही खूण अशीच लिहून पीडीएफ मागवता येतात, सरावपत्रिका शोधायला ती उत्तम. गूगलमध्ये २०१९ पासून ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’ या खुणांनी तारखेची मर्यादाही घालता येते. जुन्या पुस्तिकांत सांगितलेलं अधिक चिन्ह गूगलनं २०११ मध्येच बंद केलं आहे, ते अजून शिकवू नका. आणि डकडकगोत सावध राहा: तिथे उणे चिन्हाचा अर्थ ‘हा शब्द कमी’ असा आहे, ‘नकोच’ असा नाही. त्या बदल्यात तिथे उद्गारचिन्हाचे शॉर्टकट आहेत. उद्गारचिन्ह आणि रोमन डब्ल्यू लिहून शब्द दिला की थेट विकिपीडियावर शोध जातो.

मे २०२४ पासून गूगल निकालांच्या डोक्यावर एआयनं लिहिलेला सारांश दाखवू लागलं, आधी अमेरिकेत आणि मग इतरत्र. सारांशाला जोडलेली लिंक उघडून ते वाक्य तिथे खरंच आहे का, हे पाहिल्याशिवाय तो वर्गात नेऊ नये. लिंक बरोबर असते आणि वाक्य तिसरंच, असं होतं. नुसत्या लिंक हव्या असतील तर निकालांच्या वरच्या पट्टीत ‘वेब’ नावाचा पर्याय आहे, कधीकधी ‘आणखी’च्या आत दडलेला.

मुलांसाठी वेगळं सर्च इंजिन शोधणाऱ्यांना किडल लगेच सापडतं. रूप गूगलसारखं, पण ते गूगलचं नाही. गूगलची इतरांना वापरता येणारी शोधसुविधा घेऊन बनवलेलं आहे. त्यापेक्षा शाळेच्या नेटवर्कवरच सेफसर्च (अश्लील निकाल गाळणारी सेटिंग) पक्कं करणं मला जास्त भरवशाचं वाटतं. नेटवर्क सांभाळणाऱ्या माणसाला एवढंच सांगा: डीएनएसमध्ये गूगलचा पत्ता ‘फोर्ससेफसर्च डॉट गूगल डॉट कॉम’कडे आणि बिंगचा ‘स्ट्रिक्ट डॉट बिंग डॉट कॉम’कडे वळवायचा. मग ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन मुलांना ते बंद करता येत नाही. मात्र तिसरं कुठलं इंजिन उघडं राहिलं, तर सगळी खटपट वाया. डकडकगोसाठीही ‘सेफ’नं सुरू होणारा तसाच पत्ता आहे.

आता पारखण्याकडे.

शोधाच्या पहिल्या पानावर हमखास एक-दोन लिंक ‘सर्वोत्तम १० शैक्षणिक वेबसाइट्स’ या थाटाच्या असतात. ती यादी उघडून तिच्यातल्या एखाद्या लिंकवर माउस नुसता ठेवा आणि खाली दिसणारा पत्ता वाचा. शेवटी प्रश्नचिन्ह आणि त्यापुढे ‘रेफ’ किंवा ‘अ‍ॅफिलिएट’सारखा तुकडा असेल, तर त्या शिफारशीमागे दलाली असण्याची शक्यता दाट. अशी यादी नावं कळण्यापुरती वापरावी.

साइटचं ‘आमच्याविषयी’ पान ही तिनं स्वतःच दिलेली साक्ष. सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅकग्रू यांनी स्टॅनफर्डमध्ये २०१७ साली मांडलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. इतिहासाचे १० पीएचडी अभ्यासक, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी साइट्स तपासायला दिल्या होत्या. अभ्यासक आणि विद्यार्थी तेच पान खालीवर वाचत बसले, देखण्या लोगोला आणि पत्त्याच्या शेपटीला भुलले. तथ्यतपासनीस काही क्षणांत पानाबाहेर पडले, नवे टॅब उघडून त्या साइटबद्दल इतर काय म्हणतात ते पाहू लागले, आणि कमी वेळात नेमक्या निष्कर्षावर पोचले. हेच करायचं: साइटचं नाव अवतरणचिन्हांत, त्यापुढे उणे चिन्ह आणि त्याला चिकटून वर सांगितलेल्या ‘साइट’च्या खुणेसह त्याच साइटचा पत्ता. तिचं स्वतःचं बोलणं वगळून बाकीच्यांचं समोर येतं. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट ऑर्ग’ असणं हे प्रमाणपत्र नव्हे, ते कुणालाही घेता येतं. ‘डॉट ईडीयू’ मात्र मुख्यतः अमेरिकेतल्या मान्यताप्राप्त उच्चशिक्षण संस्थांनाच मिळतं. झाडावर राहणाऱ्या ऑक्टोपसची १९९८ ची बनावट साइट आजही वर्गात दाखवण्याजोगी आहे: फोटो, वर्णन, ‘प्रजाती वाचवा’ची हाक, सगळं आहे, फक्त प्राणी नाही.

साइट विश्वासाची ठरली की मग खरी परीक्षा. मुलाच्या खुर्चीत बसा आणि चुकीचं उत्तर द्या. उगाच काहीतरी टाकू नका; मुलं जी चूक खरोखर करतात तीच करा. एक-द्वितीयांश अधिक एक-तृतीयांश, उत्तर लिहा दोन-पंचमांश, म्हणजे अंशात अंश आणि छेदात छेद मिळवून. उत्तम साइट ही चूक ओळखते आणि छेद समान करण्याकडे वळवते, किंवा दोन-पंचमांश हा अर्ध्यापेक्षाही लहान आहे हे चित्रानं दाखवते. मध्यम साइट पूर्ण सोडवलेलं उदाहरण पुढे ठेवते. निकृष्ट साइट लाल फुली दाखवून पुढचा प्रश्न आणते. आता बरोबर उत्तर वेगळ्या रूपात द्या, पाच-षष्ठांशऐवजी दहा-द्वादशांश. ते नुसतं ‘चूक’ ठरलं आणि संक्षिप्त रूप हवं असं कुठेच सांगितलं नाही, तर ती साइट मुलाला बरोबर गोष्ट चुकीची आहे असं शिकवते आहे. मी तिथेच थांबेन.

चार पर्यायांच्या प्रश्नात एकेक पर्याय दाबत जा. चौथ्या दाबाला ‘शाब्बास’ आणि पूर्ण गुण मिळाले तर शिक्षकाच्या खात्यातून अहवाल उघडून पाहा. किती प्रयत्न झाले ते नोंदलेलं नसेल, तर त्या अहवालातल्या शंभर टक्क्यांना काही किंमत नाही.

या कसोटीवर खान अकादमीचा सराव चांगला उतरतो. २००८ मध्ये अमेरिकेतल्या सलमान खान यांनी (अभिनेते नव्हेत) सुरू केलेली ही ना-नफा संस्था. सराव करताना इशारा मागितला की पायरी-पायरीनं मिळतो, आणि इशारा घेतलेला प्रश्न बरोबर धरला जात नाही; त्यामुळे अहवाल बराच प्रामाणिक राहतो. उणीव ही की बहुतेक ठिकाणी फक्त अंतिम उत्तर तपासलं जातं. मधली मांडणी चुकून उत्तर योगायोगानं जुळलं तर ते निसटतं. म्हणून वहीत लिहून घेणं सोडू नये.

कोलोरॅडो विद्यापीठाच्या बोल्डर इथल्या फेटची जात वेगळी; तिथे सिम्युलेशन्स, म्हणजे पडद्यावर करून बघायचे आभासी प्रयोग मिळतात. नोबेल मिळालेले भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये हे काम सुरू केलं. विद्युत मंडलाच्या सिम्युलेशनमध्ये बॅटरीची दोन टोकं नुसत्या तारेनं जोडा, बॅटरीतून ज्वाळा निघतात. खऱ्या प्रयोगशाळेत हे करू देता येत नाही, इथे मूल स्वतः करून बघतं आणि मध्ये बल्ब का हवा ते त्याच्या लक्षात येतं. एचटीएमएल ५ मधली सिम्युलेशन्स एकेक फाइल म्हणून उतरवून घेता येतात, मग इंटरनेट नसलं तरी चालतात. कित्येकांचा मराठी अनुवादही आहे. वापरण्याआधी त्यातले शब्द पाठ्यपुस्तकातल्या शब्दांशी ताडून पाहा. फेट स्वतः शिकवत नाही. तीन-चार प्रश्नांची कागदी पत्रिका हातात न देता मुलांना सोडलं तर तास ज्वाळा काढण्यातच जातो.

जिओजिब्रात भूमितीच्या आकृत्या काढायचं साधन उत्कृष्ट, पण तिथला साठा कुणीही भर घातलेला, म्हणून प्रत्येक आकृती तपासावी लागते. तपासणी दहा सेकंदांची. आकृतीचा शिरोबिंदू धरून ओढा. समद्विभुज त्रिकोण ओढल्यावरही समद्विभुज राहिला तर रचना केलेली आहे. दोन बाजू असमान झाल्या तर कुणीतरी नजरेच्या अंदाजानं रेषा मारल्या आहेत, ती आकृती सोडून द्या.

एमआयटी या अमेरिकी विद्यापीठाचं ओपनकोर्सवेअर, म्हणजे तिथल्या अभ्यासक्रमांचं खुलं साहित्य, लॉगिन मागत नाही आणि परवान्यानुसार बिगरव्यावसायिक वापराला मोकळं आहे. शिक्षकाच्या स्वतःच्या अभ्यासाला ते सोन्यासारखं, शाळकरी मुलांना द्यायचं नाही.

एखादं पान ‘फ्लॅश प्लेअर हवा’ म्हणून रिकामा चौकोन दाखवत असेल तर ती साइट बेवारस समजा. अ‍ॅडोबीनं फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला संपवलं. त्यानंतर ते पान कुणी उघडून पाहिलेलं नाही, हेच तो चौकोन सांगतो.

खाजगी माहितीची तपासणी बहुतेक जण धोरणाच्या पानावर उरकतात. ह्यूमन राइट्स वॉचनं २०२२ मध्ये ४९ देशांच्या सरकारांनी सुचवलेली दीडशेहून जास्त शैक्षणिक उत्पादनं तपासली, तेव्हा सुमारे ८९ टक्क्यांमध्ये मुलांच्या हक्कांना धोका पोचवणारे माहिती गोळा करण्याचे प्रकार दिसले. सरकारी शिफारस पुरेशी नाही एवढं त्यातून घ्यावं आणि स्वतः पाहावं. संगणकावर साइट उघडून एफ १२ दाबा, ‘नेटवर्क’ टॅबमध्ये जा, पान पुन्हा लोड करा. पत्त्यांच्या रांगेत साइटच्या नावाशिवाय आणखी कुणाकुणाची नावं येतात ते मोजा. मुखपृष्ठावर नव्हे, विद्यार्थ्याच्या खात्यातून उघडलेल्या पाठाच्या पानावर हे करायचं. मुखपृष्ठावर जाहिरातवाले असणं आणि मुलाच्या पाठात असणं यांत फार अंतर आहे. व्हिडिओ किंवा अक्षरांचे फाँट दुसरीकडून येणं समजू शकतं. जाहिरातींच्या जाळ्यांची नावं दिसली तर ती साइट लहान वर्गांना देऊ नका.

नोंदणीत वय विचारत असेल तर आणखी एक चाचणी. जन्मतारीख अशी द्या की वय ११ येईल. मुलांच्या ऑनलाइन खाजगी माहितीचं रक्षण करणाऱ्या अमेरिकेच्या १९९८ च्या कोप्पा कायद्यामुळे १३ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती लागते, म्हणून तिथल्या साइट्सनी ती मागायला हवी. आता ‘मागे’ जाऊन वय १५ करा. साइटनं मुकाट्यानं पुढे जाऊ दिलं तर तो वयाचा रकाना तोंडदेखला आहे.

माउस बाजूला ठेवून फक्त टॅब आणि एंटरनं एक प्रश्न सोडवून पाहा. अक्षरं २०० टक्के मोठी करा, बटणं एकमेकांवर चढतात का बघा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक (कॉन्ट्रास्ट) किमान ४.५ ला १ असावा हा वेबच्या सुगम्यतेचा रूढ निकष. फिक्या राखाडी अक्षरांच्या साइट्स इथे हटकून नापास होतात. त्याच एफ १२ च्या पॅनेलमध्ये इंटरनेटचा वेग मुद्दाम कमी करता येतो. तसा करून एक पाठ उघडा, कारण तीस मुलं एकाच वेळी तीच लिंक उघडतात तेव्हा वर्गात हाच वेग पदरी पडतो.

शेवटचं काम खातं मिटवण्याचं, आणि ते सुरुवातीलाच करून पाहायचं. चाचणीसाठी एक शिक्षकाचं आणि एक विद्यार्थ्याचं खातं उघडा, दोन-चार पाठ सोडवा, मग गुणांची नोंद सीएसव्ही फाइलमध्ये (तक्त्याच्या साध्या फाइलमध्ये) बाहेर काढता येते का बघा. त्यानंतर दोन्ही खाती मिटवा. मिटवण्याचं बटण सेटिंगमध्ये आहे, की मेल पाठवून विनवावं लागतं, हे लिहून ठेवा. महिनाभर तो मेलबॉक्स चालू ठेवा. त्यावर ‘तुमचा विद्यार्थी वाट पाहतोय’ असे मेल येतच राहिले, तर मुलांची नावं त्या साइटमध्ये भरू नका.